आभारप्रदर्शनाचा मान

पुण्याच्या सरकारी कॉलेजात मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होतो. तिसऱ्या वर्षाला वीजवितरण हा विषय होता आणि त्यातली गणितं मला आवडत. एक तार असे, तिच्यावर ठरावीक अंतरावर क, ख, ग असे ग्राहक असत आणि शेवटच्या ग्राहकापाशी व्होल्टेज किती उरतं ते काढायचं असे. क कोण, ख कुठल्या आळीत राहतो, याची चौकशी पुस्तक करत नसे. वीज सगळ्यांना मिळे. शेवटच्याला जरा मंद, एवढंच.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी. होडीनं नदी ओलांडली की दौंड तालुका. वडील दौंडला रेल्वेत खलाशी होते आणि तिथल्या क्वार्टरमध्ये एकटे राहत. आई गावी, बौद्ध वस्तीतल्या आमच्या घरी. पुण्याहून मी गाडीनं दौंडला उतरे, वडिलांकडे एक मुक्काम करी आणि मग गावी जाई.

क्वार्टरच्या ओट्यावर एक दिवा होता. संध्याकाळी वडील त्याखाली पेपर मोठ्यानं वाचत आणि शेजारची चारपाच माणसं ऐकायला बसत. वडील काही गाळत नसत. अग्रलेख सुरू झाला की दोघं तिघं तंबाखूच्या निमित्तानं उठत, तरी ते शेवटच्या ओळीपर्यंत जात. त्यांचे डोळे अधू झाले होते. कंदिलाच्या उजेडात त्यांना अक्षर लागत नसे. मार्चअखेर ते रिटायर होणार होते आणि क्वार्टर सोडावी लागणार होती. गावी जायला त्यांची ना नव्हती, पण एक गोष्ट त्यांना खात होती.

"गावी जाऊन सांच्याला करायचं काय?" ते मला म्हणाले. "कोंबड्यांसंगं झाकून घ्यायचं?"

गावात वीज आली होती. चावडीत होती, पारावर होती, पिठाच्या गिरणीत होती. वस्तीत नव्हती. सरपंचांच्या विहिरीवर मोटर होती आणि तिची लाइन वस्तीच्या कडेनंच पुढं जाई. त्या लाइनचा एक खांब आमच्या समाजमंदिराच्या दारात होता. आई त्याला शेळी बांधी. विजेचा वस्तीला तेवढाच उपयोग होता.

संक्रांतीच्या सुट्टीत मी वस्तीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन चावडीत गेलो. सरपंच काही वाईट माणूस नव्हते. ते कधी नाही म्हणत नसत, अडचण सांगत.

"आरं, माझी काय ना हाय का? पर तिथवर व्होल्टेज पोचत न्हाई. तू तर त्येच शिकतूयास. तूच सांग ह्यास्नी समजावून."

"आबा, तुमची मोटर वस्तीच्या पलीकडं आहे. तिथं कसं पोचतं?"

"मोटरीचं येगळं असतंय."

"काय वेगळं?"

"ती पाच हॉर्सपॉवरची हाय. वढून घेती."

चावडीत बसलेल्यांनी माना डोलावल्या. हे त्यांना पटलं. मी हिशेब मांडला. वस्तीतल्या प्रत्येक घरात एक बल्ब लावला, तरी सगळ्यांना मिळून मोटरीच्या निम्मीसुद्धा वीज लागणार नव्हती. सरपंचांनी तो पूर्ण ऐकून घेतला. "गणित चांगलं हाय तुझं," असं म्हणून चहा मागवला. आमचे कप वेगळे होते.

मार्चच्या सुरुवातीला गावातल्या नळपाणी योजनेचं उद्घाटन ठरलं. मंचावरून पाहुणे बटण दाबणार आणि टाकीत पाणी पडणार, असा बेत होता. सरपंचांनी निरोप पाठवला, की वस्तीतला इंजिनिअर मंचावर बसावा आणि त्यानं आभारप्रदर्शन करावं. आभारप्रदर्शन हा आपल्याकडे ज्याला दाखवायचं आहे, पण ज्याचं ऐकायचं नाही, अशा माणसाला द्यायचा मान आहे. त्या वेळेपर्यंत लोक चपला शोधू लागलेले असतात.

वडील मुद्दाम दौंडहून आले. मी मंचाकडे निघालो, तेव्हा त्यांनी माझी कॉलर नीट केली.

"समद्यांचे आभार मान. कुणाला सोडू नगंस," ते म्हणाले.

पाहुणे उशिरा आले. त्यांच्या गळ्यात इतके हार पडले, की पुढची भाषणं त्यांनी बहुधा झेंडूतूनच ऐकली. मग त्यांनी बटण दाबलं, पाणी पडलं, बँड वाजला. माझं नाव पुकारलं, तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले होते.

मी पाहुण्यांचे आभार मानले. वीज बोर्डाच्या साहेबांचे, मांडववाल्याचे, बँडवाल्यांचे मानले. मग म्हणालो, "आणि शेवटी आपल्या सरपंचांचे आभार. महिनाअखेर वस्तीत दिवे लावायचे त्यांनी ठरवलं आहे. व्होल्टेजची अडचण होती, ती आता उरलेली नाही. आबा स्वतःच्या मोटरीच्या लाइनवरून वस्तीला वीज देऊ देणार आहेत."

टाळ्या मागून सुरू झाल्या, जिथं आमची माणसं बसली होती. टाळ्या ऐकून पाहुणे परत खाली बसले आणि तेही वाजवू लागले. "वा! याला म्हणतात काम," असं म्हणून त्यांनी सरपंचांच्या पाठीवर थाप मारली आणि बोर्डाच्या साहेबांकडे वळले. "यांचं अडवू नका बरं का." सरपंचांनी हात जोडले. मंचावर हात जोडलेल्या माणसाला काही नाकारता येत नाही.

मंचाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी मला गाठलं.

"कवा ठरवलं रं मी हे?"

"आत्ताच, आबा."

"पुण्याला ह्येच शिकवत्यात व्हय?"

"नाही. पुण्याला नुसतं गणित."

मार्च संपला. वडील ट्रंक घेऊन गावी आले, पण तारा आल्या नव्हत्या. होडीवाला दौंडहून पेपर आणी. वडील तो दिवसाउजेडी मनातल्या मनात वाचत. संध्याकाळी कंदिलापाशी एकदा उघडून बघत आणि घडी करून ठेवत. माझ्याकडे त्यांनी एकदाही विचारणा केली नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग जयंतीच्या आदल्या आठवड्यात वायरमन शिडी घेऊन आला आणि आईला शेळी सोडावी लागली.

समाजमंदिरातल्या दिव्याचं बटण दाबायला सरपंच आले. दिवा लागला. वस्तीतल्या लोकांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं, तसा मी उठलो.

"तू बस," सरपंच म्हणाले. "आभार मी मानतो."

आणि त्यांनी मानले, अगदी थोडक्यात. बोर्डाचे, वायरमनचे आणि त्यांनी स्वतः वस्तीसाठी केलेल्या खटपटीचे. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून वडील समाजमंदिरात पेपर वाचू लागले. ऐकायला दौंडपेक्षा जास्त माणसं असत, आणि इथं अग्रलेखाला उठायची कुणाची छाती नव्हती. मधेच सरपंचांची मोटर सुरू होई आणि दिवा एकदम मंद होई. पुस्तकात याचं कारण सूत्रासकट दिलेलं आहे. वस्तीत म्हणत, "आबांनी मोटर टाकली." वडील वाक्याच्या मधे बोट ठेवून थांबत. दिवा सावरला, की त्याच शब्दापासून पुढं वाचत.