गुडघ्याचा सूर

फुंक्याचा डावा गुडघा दोन वर्षं काळानिळा होता. ताई रोज विचारायची आणि तो रोज नवी थाप मारायचा. जिन्यावर आपटलो, सायकलवरून पडलो, कपाटाचं दार लागलं. "पन्नाशीचा घोडा झालास, चालताना डोळे कुठे असतात रे तुझे?" म्हणत ताई मलमाची डबी घेऊन बसायची. तो मुकाट्याने चोळून घ्यायचा. खरं सांगायची सोय नव्हती.

फुंक्या ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी बाटली, नळी, किल्लीचं भोक, दिसेल त्यात फुंकायचा म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे सॅक्सोफोन हातात आल्यावर ते कायमचं चिकटलं. लग्न दोघांनीही केलं नाही. दोन खोल्यांत राहायची आणि रोज चार ते सात एका हॉटेलात चहाला येणाऱ्या लोकांसाठी कार्यक्रम करायची. ताई पुढे उभी राहून गायची, तिच्या पाठीमागे स्टुलावर फुंक्या, आणि बाजूला पियानोवाले काका. गाणं कुठल्या पट्टीत घ्यायचं हे काका ठरवायचे.

ताईचा आवाज मुळातच खर्जातला. शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ पायऱ्या उतरावी तशी खाली खाली जायची, आणि ती तळाच्या सुरावर थांबली की कपात चमचे ढवळणारे हातसुद्धा थांबायचे. त्या सुरावर सॅक्सोफोन तिच्या सोबतीला असायचा.

साठीनंतर तिचे वरचे सूर चिरकायला लागले. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि हे आता वाढतच जाणार म्हणून स्वच्छ सांगून टाकलं. काकांनी पट्टी अर्धा सूर उतरवली. वर्षभराने आणखी अर्धा. वरची अडचण मिटली, पण अख्खं गाणं खाली सरकल्यावर तळाचा सूर कुठे जाणार? तोही सरकला, आणि सॅक्सोफोनची सगळी बटणं दाबल्यावर जो शेवटचा सूर निघतो त्याला येऊन टेकला. तिसऱ्यांदा पट्टी उतरली तेव्हा फुंक्याच्या वाद्यात तो सूर उरलाच नव्हता.

वाजवणाऱ्यांकडे याला एक तोडगा असतो. बसल्या बसल्या गुडघा उचलून सॅक्सोफोनच्या भोंग्याच्या तोंडात खुपसायचा, म्हणजे शेवटचा सूर अर्ध्याने खाली घसरतो. काठ हाडात रुततो, दिसायला ध्यान दिसतं, पण सूर मिळतो. फुंक्याने तो पहिल्यांदा लावला आणि सवयीने ताईच्या सुराकडे कान दिला. ताईकडून काहीच येत नव्हतं. तोंड उघडं, ओठांवर शब्द, आणि बाहेर नुसती हवा. कानावर पडणारा त्याचा सूर तिला स्वतःचाच वाटत होता.

"आज तळ कसला लागला ना!" कार्यक्रम संपल्यावर ती खुशीत म्हणाली.

"लागला की," फुंक्या म्हणाला, आणि त्या थापेत अडकला.

गेल्या आठवड्यात काकांनी येत्या शनिवारपासून चौथ्यांदा पट्टी उतरवायचं ठरवलं. गुडघा अर्धा सूर देतो, त्यापुढे हात टेकतो. ताई बाजारात गेल्यावर फुंक्याने पुठ्ठ्याची लांब नळी करून भोंग्यात खोचली. हवा तो सूर आला, पण त्याच्या शेजारचा पार गायब झाला, आणि ओळीला तर दोन्ही लागत होते. नळी आखूड करून वर गुडघा लावला, तर गुळणी केल्यासारखा आवाज. रडकुंडीला येऊन त्याने काकांना गाठलं.

"काका, पट्टी उतरवू नका."

"नाही उतरवली तर मधल्या ओळीतच तिचा आवाज फाटेल. तुला खाली जमत नाही ना? मग वरच्या सप्तकात वाजव. सगळे तेच करतात."

"मग तो सूर तुम्ही तरी द्या."

काकांनी चष्मा काढून पुसला. "पियानोचा सूर तिला स्वतःचा वाटेल होय रे?" ते म्हणाले.

म्हणजे काकांनाही माहीत होतं.

शनिवारी शेवटची ओळ आली. फुंक्याने मन घट्ट केलं आणि सूर वर घेतला. सॅक्सोफोन वर एकटाच वाजत राहिला, आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं. ताईने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा तोंड उघडलं. मग ती लोकांकडे पाठ करून वळली. फुंक्याचा गुडघा सवयीने उचलून भोंग्याला टेकला होता. ती त्या गुडघ्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर तिने मलमाची डबी काढली आणि नेहमीसारखी चोळायला बसली.

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"परवा हॉटेलात एक बाई माझा हात धरून रडली, तुमचा तो शेवटचा सूर काळजात जातो म्हणाली. मी तिचे डोळे पुसले रे."

ताईने डबीचं झाकण घट्ट लावलं आणि ती सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.

"आठ दिवसांत बरा होईल आता गुडघा," ती म्हणाली.