कासव घेऊन कोपरी आणि शहाड

डोंबिवली ते कोपरी, तिथून शहाड आणि परत, एका दिवसात, टेम्पोनं, मांडीवर एक कासव घेऊन. असा प्रवास कुणी मुद्दाम आखत नाही, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तो केलेला आहे. माझा दीर सुहास एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स बघायचा. त्यानं सहा महिने खपून लहान मुलांसाठी चाकांवर चालणारं, कासवाच्या आकाराचं यंत्र बनवलेलं. पाठीवर बाणांची चार बटणं, पाचवं 'चल'चं. बाण दाबून वाट सांगायची, 'चल' दाबलं की ते सांगितलं तेवढंच चालणार. त्याची फर्स्ट शिफ्ट, मी प्राथमिकची बाई, म्हणून शाळाशाळांत फिरवायचं काम माझ्याकडे आलं.

निघायचं खरं कारण मात्र नलू. ही माझी डी.एड.ची मैत्रीण, कोपरीच्या एका शाळेत दुसरीला शिकवायची. तिच्या वर्गात खाडीकडच्या कोळीवाड्यातली विमल होती. घरी नुसती टकळी चालू, पण वर्गात आठ महिन्यांत एक अक्षर नाही. तोंडी परीक्षेला यंदाही गप्प बसली तर बाप तिला शाळेतून काढणार होता. कासव बघून तरी तोंड उघडेल, असं नलूला वाटत होतं.

तुम्ही या रस्त्यानं जाणार असाल तर सकाळी साडेसहाला निघा, शिळफाट्याला ट्रक कमी लागतात. मुंब्र्याचे खड्डे तेव्हा असे होते की कासव मी तान्ह्या बाळासारखं धरून बसलेले. कळवा नाक्याला कांदाभजी आणि चहा घेतला. टेम्पो सुहासच्या कारखान्याचा, आमचा खर्च डिझेलचा तेवढा.

नलूच्या वर्गात मी फरशीवर खडूनं खाडी आणि धक्का काढला. मग पहिली सूचना केली: हाताची घडी, तोंडावर बोट, कुणीही हात लावायचा नाही. आम्ही शिक्षिका पृथ्वीचा गोलसुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवायचो, मोडला तर? कासव धक्क्याला न्यायचं होतं. त्याचं तोंड माझ्याकडे. मी उजवा बाण दाबला, 'चल' दाबलं, ते भलतीकडेच वळून बाकाला धडकलं. फरशीला उतार आहे, असं मी ठोकून दिलं. नाचता येईना, दुसरं काय!

तेवढ्यात विमल उठली. कासवाच्या मागे, त्याच्याच दिशेला तोंड करून, उकिडवी बसली.

"बाई, त्याची उजवी बाजू ही हाय. त्याचे मागं बसून बघाला पायजे."

आणि तिनं बटणाकडे हात नेला. हाताला सुकटीचा वास होता. तो नाकात गेला आणि मी त्या हातावर फाडकन मारलं. यंत्राच्या काळजीनं मारलं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. वास आला नसता तर मी मारलं नसतं.

ती मुकाट्यानं जागेवर जाऊन बसली. नलूनं मला व्हरांड्यात नेलं.

"अगं, ती बोलली होती," एवढंच म्हणाली.

मला कळलं होतं. आत जाऊन तिला बटण दाबू द्यायला पाच मिनिटं पुरली असती. पण शहाडला दोनला पोचायचं होतं, आणि मुलांसमोर बाईनं चूक कबूल करायची म्हणजे काय, हा माझा ताठा. मी कासव उचललं.

कशेळीच्या पुलावरून भिवंडी, मग दुर्गाडी, कल्याण. भिवंडीत तास मोडला, डबा टेम्पोतच खाल्ला. शहाडच्या शाळेत टाळ्या पडल्या, मुख्याध्यापकांनी नारळ दिला. बाकी काही आठवत नाही.

संध्याकाळी घरी सुहासनं यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. साधा ओरखडा नाही बघ, असं मी त्याला सांगितलं. तो बटणांकडे बघत राहिला.

"वहिनी, मुलांनी दाबलीच नाहीत? त्यांनी चुकावं म्हणून तर बनवलंय ते."

मी स्वयंपाकघरात गेले.

जूनमध्ये नलूचं पत्र आलं. परीक्षेत विमल गप्पच राहिली, पटावरून नाव कमी झालं, आता आईबरोबर बाजारात बसते. जाऊन तिची माफी मागावी, असं शंभरदा वाटलं. वरातीमागून का होईना, घोडं न्यायलाही हिंमत लागते. डोंबिवलीहून कोपरी फार तर तासाभरावर आहे. मी पुन्हा गेले नाही.