नाव पन्नीचं, काम ढगाचं

पन्नीभाऊ कुणाच्याही घरात शिरले की आधी वर पाहत. घरची माणसं समोर उभी असत, कुणी खुर्ची पुढे करी, कुणी पाण्याचा गडवा. यांची नजर मात्र छताच्या चारही कोपऱ्यांतून फिरून यायची, आणि मग प्रश्न यायचा, "गरम हवा कुठून जाते तुमच्या घरातली?" मुलीसाठी स्थळ पाहायला दिग्रसकडे गेले, तिथेही त्यांनी हेच विचारलं. नवं स्लॅबचं घर होतं आणि भिंतीतल्या झरोक्यांना पुठ्ठे लावलेले होते. मुलाच्या वडिलांना वाटलं, पाहुणे घरात एसी नसल्याबद्दल टोमणा मारत आहेत. पुढे सगळं समजुतीनं निभावलं, लग्नही झालं. पुठ्ठे काढले की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

त्यांचं खरं नाव देवराव. गाव ढाणकी. पॉलिहाऊस, म्हणजे पिकांसाठी प्लास्टिकच्या कापडाची घरं, उभारणं हा त्यांचा धंदा. आमच्याकडे प्लास्टिकला पन्नी म्हणतात, म्हणून ते पन्नीभाऊ. माझ्या मोठ्या भावानं, म्हणजे दादानं, बाभुळगावजवळच्या आमच्या शेतात वीस गुंठ्यांवर शिमला मिरचीसाठी पॉलिहाऊस उभारायचं ठरवलं तेव्हा ते आले आणि दीड महिना शेतातल्या खोलीतच राहिले. मी शाळेत विज्ञान शिकवतो. शाळा सुटली की शेतात चक्कर असायची. आमची ओळख तिथली.

दादानं हौसेनं तापमापक आणला होता. पन्नीभाऊंनी तो खांबाला अडकवला आणि त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. आत शिरताना ते उजव्या हाताची मागची बाजू आधी मातीला लावत, मग लोखंडी पाइपाला, मग डोक्यावर नेऊन नुसती हवेत धरत. "काटा मागून सांगते, सर. कातडं आधी सांगते," असं म्हणत. एक-दोनदा मी त्यांचा अंदाज तापमापकाशी ताडून पाहिला. फारसा फरक निघाला नाही.

एके दिवशी माझ्या पिशवीतलं पाठ्यपुस्तक त्यांच्या हाती लागलं. हरितगृह परिणामाचा धडा उघडला. चित्रात पृथ्वीभोवती काचेचं घर काढलेलं होतं. पन्नीभाऊ बराच वेळ ते चित्र पाहत राहिले.

"हे कोनं काढलं?"

"का? काय झालं?"

"चुकलं हाय. माही पन्नी काय करते? तापलेली हवा कोंडते. वरतं जाऊ देत नाई, वाऱ्याले आत येऊ देत नाई. म्हणून आत गरम होते. आभाळात कोणी हवा कोंडून राह्यलं काय? तिथं तर वारा मोकळा हाय. मंग पृथ्वी कायले तापते?"

मी दहा वर्षं तो धडा शिकवत होतो. वायू काचेसारखं काम करतात, हे वाक्य पोरांकडून पाठ करून घेत होतो. हा प्रश्न ना कुणी मला विचारला होता, ना मला पडला होता. उद्या सांगतो म्हणालो आणि घरी येऊन वाचत बसलो. एक उद्या पुरला नाही, तीन लागले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना सांगायला सुरुवात केली. सूर्याचं ऊन बरंचसं उजेडाच्या रूपात येतं. हवेतून ते आरपार येतं आणि जमीन तापवतं. तापलेली जमीनही मग किरण बाहेर टाकते, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत.

"दिसत नाई, पन लागते," ते म्हणाले. "चला."

पाण्याच्या मोटारीच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत दिवसभर तापली होती. सूर्य नुकताच बुडाला होता. त्यांनी मला भिंतीपासून वीतभर अंतरावर तळहात धरायला लावला, टेकवायचा नाही अशी ताकीद दिली आणि डोळे मिटायला सांगितलं. हाताला धग लागत होती.

"हेच म्हणून राह्यले ना तुमी? ऊन येताना उजेड असते, जाताना धग असते."

याहून सोपं वाक्य मला आजवर सापडलेलं नाही. मी पुढचं सांगितलं. हवेत सगळ्यात जास्त नायट्रोजन आणि ऑक्सिजन असतात. ते या धगीला अडवत नाहीत, जाऊ देतात. पण पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू ती धग शोषून घेतात आणि पुन्हा चहूकडे टाकतात. काही वर जाते, काही परत खाली येते. म्हणून जमीन निवायला हवी तेवढी निवत नाही.

पन्नीभाऊ उकिडवे बसले. पौषात आभाळ मोकळं असलं की पहाटे दातखिळी बसते, आणि ढग आले की थंडी पळते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. त्यांनी तेच बोलून दाखवलं आणि विचारलं, "ढग करते तेच काम हे वायू करतात म्हना ना. फक्त ढग दिसते, हे दिसत नाई."

"बरोबर."

"म्हंजे नाव आमच्या पन्नीचं अन् काम ढगाचं." ते हसले. आपल्या पन्नीवरचा आळ गेला याचं त्यांना समाधान वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मंग हे वाढवते कोन?" मी म्हणालो, आपणच. मुळात हे वायू वाईट नाहीत. ते अजिबात नसते तर पृथ्वीवर पाणी गोठून राहिलं असतं. ते त्यांना लगेच पटलं, कारण थंडीत पन्नी नसेल तर कोवळ्या रोपाचं काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं. बिघडतं ते प्रमाण. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं रान. ते आपण उकरतो आणि जाळतो. डिझेल-पेट्रोलही तसंच जमिनीच्या पोटातलं. त्यातला कार्बन हवेत जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतो. वरून जंगल तोडतो, म्हणजे तो परत ओढून घेणारी झाडंही कमी करतो. गुरांच्या रवंथातून आणि सडत्या कचऱ्यातून मिथेन निघतो, तो वेगळाच.

"वणीकडून कोयशाचे ट्रक येतात ते?"

"तेही."

"अन् माही फटफटी?"

"तीही."

त्यांनी आपल्या मोटारसायकलकडे पाहिलं. "आता ढाणकीले पायी जाऊ काय?" म्हणाले आणि विषय संपवला. पण त्यानंतर उतार लागला की ते इंजिन बंद करत. त्यानं काय होणार, असं मी एकदा म्हणालो. "काईच नाई होत," त्यांनी मान्य केलं. सवय मात्र सोडली नाही.

पॉलिहाऊसच्या माथ्यावर त्यांनी लांब फट ठेवली होती आणि तिला जाळी लावली होती. तापलेली हवा तिथून जाई. त्या हिवाळ्यात थंडी कडक पडली तेव्हा दादानं त्यांना बोलावून ती फट पन्नीनं बंद करून घेतली. पन्नीभाऊंनी काम केलं, पण जाताना दादाला दोनदा बजावलं, "होळीले काढजा. इसरू नका."

होळी झाली. दादा कामात होता. वर चढायला माणूस मिळत नव्हता, मिरची तर जोमात होती. मी रोज ती बंद फट पाहत होतो. दादाला एकदा म्हणालोही. पुन्हा म्हणालो नाही.

मे महिन्यात एका दुपारी वावटळ उठली. आभाळ काळं झालं, म्हणून दादानं बाजूच्या भिंतींचे पन्नीचे पडदे खाली पाडून, कडा मातीत दाबून पक्के करून घेतले. आत पाच बाया मिरचीच्या फांद्या दोरीला बांधत होत्या. वाऱ्याचा एक जोराचा लोट आला आणि दाराची चौकट कलली. सरकतं दार रुळावरून उतरलं आणि अडकून बसलं. मग दहा मिनिटांत आभाळ निवळलं, पाऊस आलाच नाही, आणि ऊन पुन्हा तसंच तापू लागलं.

मी आणि दादा दार ओढत होतो. आतून बाया ढकलत होत्या. त्यांच्यातल्या एकीजवळ कात्री होती. तिनं विचारलं, "भाऊ, पन्नी कापू काय?" दादा ओरडला, "कापू नका, नवी हाय! दार उघडतेच आता."  मीही दारालाच खांदा लावत राहिलो. आतला आवाज हळूहळू कमी झाला. मग कुणीतरी म्हणालं, "सुमन पडली." तेव्हाही आम्ही दारच ओढत होतो.

त्या दिवशी पन्नीभाऊ यवतमाळला एका कामावर होते आणि वाऱ्यानं पडद्यांचं काय झालं ते पाहायला मुद्दाम आमच्याकडे आले. त्यांनी गाडी लावली नाही, आडवीच टाकली. काय झालं हे विचारलं नाही. वर पाहिलं. माथ्याची फट बंद होती. मग दाराकडे न येता ते बाजूच्या भिंतीशी गेले, खिशातलं कटर काढलं आणि डोक्याच्या उंचीपासून जमिनीपर्यंत पन्नी चिरली. दोन पावलं सरकून पुन्हा चिरली. मधला पट्टा हातानं ओढून काढला. आतून जी हवा बाहेर आली ती मला दहा फुटांवर लागली.

सुमनबाईला त्यांनी आणि बाकीच्या बायांनी उचलून कडुलिंबाखाली आणलं. तिचं अंग कोरडं आणि भाजत होतं, बोलणं असंबद्ध होतं. लुगड्यावर पाणी ओतून, वारा घालत आम्ही तिला दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी ती घरी आली. डॉक्टर म्हणाले होते, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं.

संध्याकाळी दादा फाटलेल्या भिंतीजवळ उभा होता. "दार निघालंच असतं," तो म्हणाला.

पन्नीभाऊ त्याला म्हणाले, "पन्नी मीच लावली, मीच फाडली. पुन्हा लावून देतो. पन्नी मले लावता येते दादा, बाई नाई लावता येत."

मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, त्यांनी आभाळाकडे बोट केलं. "इथं फाडता आलं, सर. तिथं काय फाडान?"

मी विज्ञानाचा शिक्षक होतो. हवा कुठे कोंडते आणि धग कशी अडते, हे मी त्यांच्याशी कितीतरी संध्याकाळी बोललो होतो. ऐन वेळी मला नव्या पन्नीची किंमत आठवली, दुसरं काही आठवलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितो आहे.

दोन वर्षांनी कळलं की पन्नीभाऊंना किडनीचा त्रास निघाला आहे आणि ते घरीच असतात. सुमनबाईनं मला निरोप धाडला, मलेबी येयाचं हाय. बाभुळगावच्या पलीकडे ती फारशी गेलेली नव्हती. यवतमाळला गाडी बदलून आम्ही उमरखेडला उतरलो आणि तिथून ढाणकीला गेलो. ते ओसरीवर बाजेवर होते, पायांना सूज होती. सुमनबाईनं सोबत आणलेल्या तिळाच्या वड्या त्यांच्या बायकोकडे दिल्या आणि खाली बसली. 

"आता कुठं कामाले जाता, बाई?" पन्नीभाऊंनी विचारलं.

"यांच्याच वावरात. निंदाले, येचाले. पन्नीत नाई जात. उघड्यावर."

"उघड्यावरही धग काई कमी नाई आता. दुपारी बसत जा."

"बसू कोन देते, भाऊ?"

पन्नीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, एखादं काम सांगावं तसं. "सर, दादाले सांगा. दुपारचं काम बंद. लवकर लावा, लवकर सोडा. एवढं तर आपल्या हातात हाय."

परतल्यावर मी दादाला सांगितलं. या खेपेला एकदा सांगून थांबलो नाही, रोज सांगितलं. तो मोटार सुरू करायला निघून जाई. पावसाळ्याच्या तोंडाशी पन्नीभाऊ वारले. दादा एकटाच ढाणकीला त्यांच्या घरी जाऊन आला. काय बोलणं झालं, कोण कोण होतं, हे त्यानं घरात सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यापासून आमच्या वावरात बाया सकाळी सहाला येतात. मजुरी पूर्ण दिवसाची असते. अकरा वाजले की सुमनबाई पदर झटकते आणि कुणालाही न विचारता उठते. तिच्यामागून बाकीच्या उठतात. दादा बांधावर असला तर दुसरीकडे पाहतो.