न मागितलेलं गार्ड

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात रुख्माबाई आपल्या पिकअपचा मागचा फाळका पाडते आणि त्यावरच तराजू मांडते. गाडी तीच चालवत आणते, तीच मागे घेऊन दोन झाडांच्या मधोमध लावते. नवं गिऱ्हाईक असलं तर ड्रायव्हर कुठं गेला म्हणून विचारतं. ती मासा कापता कापता सांगते, "मीच होय जी."

गाडी पांढरी, साधी. समोर चकचकीत नळ्यांचं गार्ड नाही, दरवाज्यावर वाघाचं चित्र नाही, आत गाणी नाहीत. आमच्याकडे नवी गाडी इतकी बोडकी सहसा दिसत नाही. ती तशी का, हे मला तुकड्यातुकड्यांनी तिनं आणि तिचा दीर मनीराम यानं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फार फरक नाही. मनीराम फक्त स्वतःच्या वाट्याचं थोडं गाळून सांगतो.

लग्न होऊन ती तळ्याकाठच्या टोल्यावर, त्या छोट्या वस्तीवर, आली तेव्हा नवरा ईश्वरदास जाळं टाकायचा आणि ती मासळी विकायची. वीस वर्षं तिनं एसटीनं मासळी वाहिली. घमेल्यातून पाणी गळायचं, लोक नाकाला पदर-रुमाल लावायचे, कंडक्टर कुरकुरत शेवटच्या बाकाकडे धाडायचे. एकदा एका कंडक्टरनं तिला गोंदियाच्या तीन किलोमीटर अलीकडेच उतरायला लावलं. कुणा साहेबाला मळमळत होतं म्हणे. भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन उतरताना पायरी चुकली आणि उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण जसा होता तसा झाला नाही. आजही तो हात तिच्या कानाच्या वर जात नाही.

त्यानंतर तिनं मच्छीमार संस्थेतल्या आणखी चार घरांची मासळी आपल्याकडे घेतली आणि तिघांच्या हातून गेलेली एक जुनी पिकअप आणली. उमेंद्र नावाचा ड्रायव्हर ठेवला. पहाटे बर्फ भरून निघावं लागतं. उमेंद्र ऊन पडल्यावर उगवायचा. एका मंगळवारी दीड क्विंटल रोहू-कतला टबांत पडून राहिली आणि हा मामाच्या पोरीच्या लग्नाला निघून गेला. त्या हिवाळ्यात, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, रुख्माबाई स्वतः स्टेअरिंगवर बसली. शेजाऱ्याच्या बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा मातीचा बांध, तिनं दोनदा फोडला. तो भांडायला आला तेव्हा तिनं फावडं घेऊन धुरा बांधून दिला आणि पुन्हा गाडी सुरू केली. लायसन निघालं तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती.

जुन्या गाडीचं स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. भरलेली गाडी हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या चौकात वळवताना ती डाव्या हातानं चाक ओढायची आणि छातीनं रेटायची. बर्फाचं पाणी रोज झिरपून मागचा पत्राही सडला होता. एक दिवस कोहमाऱ्याच्या ढाब्यासमोर त्या पत्र्याला भगदाड पडलं आणि कतल्यानं भरलेला अख्खा टब हायवेवर सांडला. ढाब्यावरचे लोक हसले. रुख्माबाईनं मासे गोळा केले, ट्रकखाली चिरडलेले सोडून दिले, आणि घरी येऊन ईश्वरदासला सांगितलं की आता नवी गाडी घ्यायची. नव्या गाडीत तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. स्टेअरिंग हलकं पाहिजे आणि मागचा पत्रा टिकला पाहिजे.

मार्चमध्ये ती फुलचूरच्या एका शोरूममध्ये गेली. सोबत मनीराम होता, इस्त्रीचा शर्ट घालून. ईश्वरदासनंच त्याला पाठवलं होतं. गाडीच्या सौद्यात एक माणूस असलेला बरा, असं त्याला वाटलं. तिथला विक्रेता योगराज हा तिशीतला, दोन लेकरांचा बाप, सभ्य गृहस्थ. पण सगळी गाडी त्यानं मनीरामलाच दाखवली. रुख्माबाईसाठी खुर्ची आणि थंड पाणी मागवलं.

त्याच्याकडे एकाच गाडीचे तीन प्रकार होते. सगळ्यात स्वस्त गाडीला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. मधल्या गाडीला ते होतं, बाकी काही नाही. वरच्या गाडीला पॉवर स्टेअरिंग, एसी, गाण्यांचा स्क्रीन, धुक्यातले दिवे, सगळं होतं. शोरूममध्ये उभ्या होत्या त्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग. मधली नव्हतीच. आणि कोणतीही घ्या, त्यावर शोरूमचं स्वतःचं एक पॅकेज होतं, अडतीस हजारांचं. त्यात समोरचं गार्ड, सीट कव्हर, पायपुसणी, दारावरची चित्रं आणि बॉनेटला चमक आणणारं कोटिंग. योगराज म्हणाला, हे सगळे घेतातच.

मनीरामचं मन वरच्या गाडीवर गेलं. स्क्रीनवर त्यानं एक गाणंही लावून पाहिलं. त्याचं म्हणणं होतं की पॉवर स्टेअरिंग हे शहरातल्या बायांचं खूळ आहे, पण एसीसोबत फुकट मिळतंय तर असू द्या.

रुख्माबाईनं विचारलं, "हे कोटिंग मागच्या पत्र्याले लागते का?"

योगराज म्हणाला, नाही, ते फक्त बाहेरून, रंगासाठी असतं.

"मंग कायले? सडते तं मागचं."

योगराज हसला आणि चहा मागवतो म्हणाला. तिनं चहा नको म्हटलं. गाडी चालवून पाहायची आहे म्हणाली. योगराज चावी घेऊन मनीरामकडे वळला, तर मनीरामनंच वहिनीकडे बोट दाखवलं. मनीरामला गाडी चालवता येत नव्हती. आता सांगताना हा भाग तो गाळतो.

तिला रिकामी गाडी चालवायची नव्हती. रिकामी गाडी कोणीही चालवते, असं तिचं म्हणणं. बाहेर उभ्या असलेल्या आपल्या जुन्या गाडीतून तिनं मासळी न्यायचे बारा निळे ड्रम उतरवले. मॅनेजर धावत आला. शोरूमच्या गाडीत मासळीचा वास नको, असं तो जरा जोरातच बोलला, आणि तिथं बसलेली दोन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. वीस वर्षं हेच ऐकलेल्या रुख्माबाईला त्याचं काही नवल नव्हतं. तिनं ड्रम उघडून दाखवले. धुतलेले होते. मग शोरूममध्ये गाड्या धुवायचा जो नळ होता, त्याचा पाइप तिनं स्वतः ओढला आणि ड्रम शोरूमच्या गाडीत ठेवून पाण्यानं भरून घेतले. अर्धा तास लागला. मॅनेजर पाहत राहिला, कारण बाकीची गिऱ्हाइकंही पाहत होती आणि त्यांच्यातला एक जण म्हणाला, बाई बरोबर करून राहिली.

आधी तिनं स्वस्त गाडी नेली. पहिल्याच वळणावर खांद्यात कळ आली. तिनं दात आवळून गाडी वळवली, पण परत येऊन उतरली तेव्हा हात लोंबत होता. मग तेच ड्रम भरून वरच्या प्रकारची गाडी नेली. तेच वजन, तेच वळण, आणि चाक एका हातानं फिरलं. योगराज शेजारी बसला होता. त्यानं एसी लावला. रुख्माबाई मला सांगत होती की तेव्हा तिचं मन खरंच पाघळलं. घामानं भिजलेल्या मानेवर ती गार हवा आली आणि वाटलं, घेऊन टाकावी. परत शोरूम येईपर्यंत ती त्याच विचारात होती. मग तिनं मनाशी हिशेब घातला. आपण निघतो पहाटे आणि घरी येतो दुपार व्हायच्या आत. गार राहायचं आहे ते मासळीला. वरच्या गाडीचे जास्तीचे पैसे मागच्या पत्र्याला लावले तर गाडी चार वर्षं जास्त जगेल.

ती आत गेली आणि मधली गाडी सांगितली. शोरूमचं पॅकेज नको म्हणाली.

मॅनेजर म्हणाला, मधली मागवावी लागेल, पाच आठवडे लागतील, आणि पॅकेज तर कंपल्सरी आहे.

"लिहून द्या."

"क्या लिखना है, बाई? सबको मालूम है."

"मले नाही मालूम. तुमच्या कागदावर लिवा का हे घेतल्याबिगर गाडी देत नाही. सही करा, शिक्का मारा. मंग मी पैसे देतो."

हे ती खुर्चीवर बसूनच, आवाज न चढवता बोलली. मॅनेजरनं पेन उचललं, ठेवलं, मग सांगितलं की असं लेखी देता येत नाही. लेखी देता येत नाही तर घ्यायचंही नाही, असं रुख्माबाई म्हणाली आणि तिथंच बसून राहिली. मनीराम दोनदा उठून बाहेर जाऊन आला. त्याला लाज वाटत होती. तासाभरानं मॅनेजरनं बुकिंगच्या कागदावरची पॅकेजची ओळ खोडली. रुख्माबाईनं खोडलेल्या जागी त्याची सही घेतली.

ते पाच आठवडे फार वाईट गेले. जुन्या गाडीच्या भगदाडावर ईश्वरदासनं सागवानी फळी ठोकून दिली होती, पण दुसऱ्याच आठवड्यात इंजिननंच दम तोडला. रुख्माबाई पुन्हा एसटीत, पुन्हा शेवटच्या बाकाशी. कोहमाऱ्याच्या एका ढाबेवाल्यानं वाट पाहून दुसरीकडून मासळी घ्यायला सुरुवात केली. तो आजही परत आलेला नाही. मनीराम येताजाता म्हणायचा की त्या दिवशी वरची घेतली असती तर आज दारात असती. मधे एकदा शोरूममधून फोन आला. वरची गाडी आजच्या आज देतो, पॅकेजवर दहा हजार सूट. त्या वेळी ती गोंदियाच्या बसस्टँडवर घमेल्यावर पदर झाकून उभी होती. ती म्हणाली, मी थांबली हाय, आणि फोन ठेवला.

एप्रिलच्या शेवटी गाडी आली. ती आणि मनीराम घ्यायला गेले. गाडी हार घालून उभी होती आणि तिला समोर गार्ड होतं. सीटवर लाल कव्हरं होती, दारावर चिकटवलेला वाघ होता. मॅनेजर म्हणाला, चुकून लागलं, आता लागलंच आहे तर ठेवून घ्या, अठ्ठावीस हजार द्या.

मनीराम सांगतो, त्याला वाटलं आता वहिनी ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून गार्डचे बोल्ट पाहिले, आणि थैलीतून चौदाचा पाना काढला. जुन्या गाडीचा होता. ती तो कायम थैलीत बाळगायची. मग ती शोरूमच्या दारात, हार घातलेल्या गाडीसमोर उकिडवी बसली आणि बोल्ट खोलू लागली.

"ये क्या कर रहे हो?" मॅनेजर बाहेर आला.

"तुमचं तुम्हाले देऊन राहिली."

"गाडीला ओरखडा पडेल."

"गाडी माही हाय." तिनं वर पाहिलंही नाही. "अन् ह्या गार्डवर कोहमाऱ्याच्या नाक्यावर पोलिस चालान फाडते. जुन्या गाडीचं गार्ड मीच काढलं होतं. तुम्हाले मालूम नसन तं आता मालूम करून घ्या."

पहिले दोन बोल्ट निघाले. तिसरा वर होता, आणि उजवा हात तितका उचलत नव्हता. ती डाव्या हातानं पाना लावू पाहत होती, तो घसरत होता. शोरूममधले सगळे काचेआडून पाहत होते. तेव्हा योगराज बाहेर आला. मॅनेजरनं त्याला हाक मारली, ती त्यानं ऐकली नसावी किंवा ऐकून घेतली नाही. तो तिच्या शेजारी बसला, म्हणाला, "द्या काकू," आणि वरचा बोल्ट त्यानं खोलला. चौथा तिनं खोलला. गार्ड निखळताना मनीरामनं ते दुसऱ्या बाजूनं धरलं, इस्त्रीच्या शर्टासकट, आणि तिघांनी मिळून ते शोरूमच्या पायरीवर आडवं ठेवलं. सीट कव्हरं तिनं घडी करून त्यावर ठेवली. वाघ मात्र निघताना फाटला. त्याची भरपाई मागायची हिंमत कुणी केली नाही.

तिथून ती सरळ गोरेगावच्या वेल्डरकडे गेली. मागच्या भागात जाड पत्र्याची वेगळी तळी बसवून घेतली. तिला मागे उतार दिला, कडेला पाणी जायला नळी ठेवली, वरून दोन हात रंग दिला. खर्च शोरूमच्या पॅकेजच्या निम्म्याहून कमी आला. दोन पावसाळे झाले, पत्र्याला अजून गंज नाही. योगराजनं पुढच्या वर्षी ती नोकरी सोडली. आता तो टायरच्या दुकानात असतो आणि रुख्माबाईकडूनच झिंगे नेतो.

आता लोक तिला सल्ला विचारायला येतात. मागच्या दिवाळीआधी सडक अर्जुनीकडची चंदा आली. तिचा खव्याचा धंदा. माल घेऊन ती भर दुपारी निघते आणि संध्याकाळी पोचते. तिला वरचीच गाडी घ्यायची होती, एसीची, स्क्रीनची, पण रुख्माबाई काय म्हणेल या धाकानं ती चाचरत होती. रुख्माबाईनं तिचं सगळं ऐकून घेतलं, किती वाजता निघते, किती वेळ उन्हात असते, ते विचारलं. मग म्हणाली, "तुले पायजे तं घे ना. दुपारचा धंदा हाय तुहा. पण मागून घे. त्यानं लावलं म्हणून नोको घेऊ."

चंदानं एसीची गाडी घेतली. शोरूमला तिच्यासोबत रुख्माबाईही गेली होती आणि जाताना पाना घेऊन गेली होती. तो काढावा लागला नाही.