‘ऊठ राजा’ची खरी गोष्ट

दिलीप गेल्याला सव्वा महिना झाला, तरी त्याच्या शोकसभेची किळस अजून माझ्या अंगावरून उतरत नाही. दिग्रसच्या त्या हॉलमध्ये त्याचं ‘ऊठ राजा’ भोंग्यावर लावलं होतं. एका पुढाऱ्याने हात उंचावून सांगितलं, की कापसाच्या पडत्या वर्षांत खचलेल्या शेतकऱ्याला उभं करायला दिलीपने हे गाणं लिहिलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! याच माणसाने ते गाणं प्रचाराच्या जीपवर वाजवलं होतं, दिलीपला साधं विचारलंही नव्हतं. मग बालमित्र म्हणून माइक माझ्या हातात आला. यवतमाळच्या दवाखान्यात, शेवटच्या भेटीत, दिलीप मला म्हणाला होता, “मी गेल्यावर तुलेच बोलावतीन बोलाले. एकदा खरं सांगून टाक बाप्पा.” मी हो म्हटलं होतं. आणि माइकवर काय सांगितलं? तेच... खचलेला शेतकरी, उमेद, वगैरे. खाली उतरलो तर लोक पाठ थोपटत होते.

तेव्हा आम्ही दोघं कॉलेजात होतो. दिलीप लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा आणि उरलेल्या वेळात विदेशी रॉकच्या कॅसेटी ऐकवून मला हैराण करायचा. त्या हंगामात कापूस खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग पार बसस्टँडपर्यंत गेली होती. चार-चार दिवस मुक्काम पडायचा. रांगेचा एक रिवाज होता: कुणाचा बैल बसला, तर पुढच्या-मागच्यांनी त्या गाडीचे बैल सोडायचे आणि गाडी हाताने ढकलत न्यायची, पण त्याचा नंबर जाऊ द्यायचा नाही. चौथ्या दिवशी दुपारी, फाटक दहा गाड्यांवर असताना, दिलीपच्या बाबांचा म्हातारा बैल, राजा, खाली बसला. नेमकी तेव्हाच कुणीतरी हूल उठवली, की आज संध्याकाळी खरेदी बंद होणार. बाबा त्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणत होते, “ऊठ राजा, नंबर आला आपला.” दिलीप जू उचलून धरून ओरडत होता, “अरे, हात लावा ना कोणी!” त्याच्या मागची गाडी माझी होती. मी ती बाजूने काढली आणि पुढे नेली. मी निघालो तसे मागचे सगळे निघाले. दिलीपने माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या बैलांकडे पाहत राहिलो. राजा परत उठलाच नाही, तिथेच गेला. आणि खरेदी पुढे आठ दिवस चालली.

महिन्याभरात त्याने गाणं केलं. बाबांचं तेच वाक्य, त्याला ड्रम आणि कर्कश गिटार. ते रागाचं गाणं होतं, आमच्यावरच्या. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं बाकांवर चढून नाचली आणि तिथून ते उमेदीचं गाणं झालं. “मी शिव्या देऊन राह्यलो अन् हे नाचून राह्यले,” दिलीप हसत म्हणायचा. मी एकदा विचारलं, “मग काहून सांगत नाहीस?” तो म्हणाला, “तुह्यं नाव घ्या लागते ना.” इतकी वर्षं त्याने मला झाकलं, आणि मी झाकू दिलं. पुढाऱ्याची किळस येते म्हणून लिहायला बसलो होतो. खरी कुणाची येते ते आता कळतंय.

राजाच्या गळ्यातला घुंगरांचा चामडी पट्टा दिलीपने गिटारला लावला होता. गाण्यात मागे जी छुनछुन ऐकू येते ती त्याचीच. मागच्या रविवारी दिलीपच्या घरी गेलो, तेव्हा त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, ती गिटार खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली. “घेऊन जा भाऊजी. तुमच्यासाठीच ठेवा म्हणत होते. सभेत किती चांगलं बोलले तुम्ही...” गिटार हातात आली तशी घुंगरं वाजली. मी म्हटलं, “वहिनी, जरा बसा.”

सगळं ऐकून झाल्यावर माझ्या हातातून त्यांनी गिटार घेतली आणि परत खुंटीला अडकवली. ती अजून तिथेच आहे.