वेंगुर्ल्याचे अठरा दिवस

बसव्वानं जुळे सोलापुरात तीस वर्षं म्हशी सांभाळल्या. नवरा गेला तेव्हा शिवानंद सात वर्षांचा होता, सिद्धेश्वरी पाचाची. गोठ्यातल्या दुधावर तिनं दोघांना शिकवलं. भोवती बंगले उठले, शेणाच्या वासावरून कुरबुरी झाल्या, तरी तिच्या तीन पंढरपुरी म्हशी जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्यापायी ती कधी चार दिवस कुठं जाऊन राहिली नव्हती.

म्हणून डिसेंबरात शिवानंद म्हणाला, "अव्वा, सिद्धूकडं वेंगुर्ल्याला जाऊन ये. धारा मी काढतो की," तेव्हा तिला भरून आलं. पोरगा शहाणा झाला, असं तिला वाटलं.

जावई तिकडे बँकेत होता. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. सकाळचा गारवा सोलापुरासारखा कोरडा नव्हता, अंगावर हलकेच फिरायचा. नऊच्या सुमाराला लेक अंगणात गरम घावणे आणि ओल्या नारळाची चटणी वाढायची. पहिले दोन दिवस बसव्वा चार घासांत ताट रिकामं करून उठली.

"कुटं निघालीस अव्वा? हितं कुणाला पाणी पाजायचंय?" सिद्धेश्वरी हसायची.

मग ती रमली. दुपारी काजूची उसळ, भात, सोलकढी. हात वाळून जायचे तरी मायलेकींच्या गप्पा संपायच्या नाहीत. उन्हं कलली की दोघी वाळूत पाय पसरून बसायच्या. इतकं निवांत आपण कधी जेवलो होतो, हे बसव्वाला आठवेना.

संध्याकाळी ती घरी फोन करायची. "चंद्रीनं किती दिलं रं आज?"

"सकाळचं चार लिटर. सगळ्या मजेत हायत. आनखी चार दिवस ऱ्हा."

असं करत अठरा दिवस झाले.

घरी येऊन तिनं फाटक उघडलं, तर गोठा नव्हता. तिथं फरशी बसवली होती आणि फरशीवर शिवानंदची गाडी उभी होती.

"म्हशी कुटं हायत?"

"विकल्या अव्वा. टेंभुर्णीच्या बिरप्पाला. तू असतीस तर विकू दिल्या नसत्यास. गुडघे बघ की तुझे."

"कवा विकल्यास?"

तो खाली बघायला लागला. "तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे रोज तो नसलेल्या म्हशीचं दूध सांगत होता. बसव्वानं तिथंच उभ्या उभ्या लेकीला फोन लावला. "तुला ठावं व्हतं?"

 पलीकडून रडणं ऐकू आलं. बसव्वानं फोन ठेवला. त्या घावण्यांची, वाळूतल्या गप्पांची तिला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं टेंभुर्णीला गेली. बिरप्पाच्या गोठ्यात चंद्री उसाचं वाडं खात होती. बसव्वाचा आवाज ऐकून तिनं मान वर केली आणि दावं ताणून पुढं आली. बसव्वा तिच्या गळ्याखाली खाजवत राहिली.

"काळजी करू नका अक्का," बिरप्पा म्हणाला. "पोरानं सांगितलंय मला. तुमास्नी झेपंना, तुमीच विकायला लावल्या. जाताना बघवायचं न्हाय म्हणून लेकीकडं गेलाव."

"मी न्हाय सांगितलं," बसव्वा म्हणाली.

बिरप्पा ओशाळला. न्यायच्या तर न्या, म्हणाला. पण नेऊन बांधायच्या कुठं? "हिला धारेच्या आधी पेंड लागती, न्हायतर पान्हा सोडत न्हाय," एवढं सांगून ती परतली.

शिवानंद ओसरीवर वाट बघत होता. ती म्हणाली, "विकल्यास ते विकल्यास. माज्या तोंडी खोटं का घातलंस?"

"तुझ्या भल्यासाठीच की, अव्वा."

"मग मला इचारायचं. मी भांडले असते. भांडून ऐकलं बी असतं."



बसव्वा अजून त्याच घरात राहते. सुनेला भाजी निवडून देते, नातीची वेणी घालते. यंदा सिद्धेश्वरीनं वेंगुर्ल्याला बोलावलं, तर नुसतं "न्हाय" म्हणाली. शिवानंद काही सांगू लागला की ती ऐकून घेते, आणि तो गॅस आलाय म्हणाला तरी उठून स्वयंपाकघरात टाकी हलवून बघते. त्याला ते दिसतं.