फ्रिजवरचे हिरवे ठिपके

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. पार्ट खराब निघाला की पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि मूळ कारण पकडायचं, हे माझं काम. बायकोला डिप्रेशन आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी घाबरलो नाही. घाबरतात ते बाकीचे. माझ्याकडे पद्धत होती.

रविवारी मोशीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी वही घेऊन तिच्यासमोर बसलो.

“का रडतेस?”

“माहीत नाही.”

“का माहीत नाही?”

पाचव्या ‘का’ला ती उठून आत गेली. कारणाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ आमच्याकडे चालत नाही, म्हणून मी ‘रिकामा वेळ’ असं लिहून टाकलं. दोन वेळचा स्वयंपाक, मुलीची शाळा आणि माझ्या शिफ्टप्रमाणे डबे करणाऱ्या बाईला रिकामा वेळ! लिहिताना मला काही खटकलंही नाही. शिफ्टमधला मित्र म्हणाला होता, “राव, वहिनींना लोणावळ्याला फिरवून आण, झटक्यात बऱ्या होतील.” त्या शहाण्यापेक्षा आपण बरेच पुढारलेले, असं मला वाटत होतं.

मग फ्रिजवर महिन्याचा तक्ता लावला. रोज संध्याकाळी तिनं ठिपका द्यायचा. बरं वाटलं तर हिरवा, नाही तर लाल. पहिला आठवडा सगळा लाल गेला. मी रोज तक्ता बघून तोंड पाडायचो आणि उपाय सुनावायचो. चालायला जा, योगा कर, माहेरी फोन लाव. दुसऱ्या आठवड्यापासून हिरवे ठिपके सुरू झाले. कँटीनमध्ये मी सांगत सुटलो.

एकोणीस तारखेला घरी आलो, तर ठिपके थेट तीस तारखेपर्यंत भरलेले. सगळे हिरवे.

साहेबाचा जाच चुकवायला ऑपरेटर लोक तपासणीच्या कागदावर आठवडाभराच्या बरोबरच्या खुणा आधीच मारून ठेवतात. लाइनवर ही चोरी मी लांबूनच ओळखतो.

“अहो, तुमचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं,” ती म्हणाली. “गोळ्या घेतीय मी. बरं वाटायचं तेव्हा वाटंल. तवर तुमचं तरी समाधान.”

म्हणजे आजारी ती आणि सांभाळ चालला होता माझा. मला फार लाज वाटली. तक्ता काढला आणि खाली फरशीवर तिच्या शेजारी बसलो.

“आज कसं वाटतंय?”

“लाल,” ती म्हणाली. “लई लाल.”

‘का’ अगदी ओठांवर आला होता. गिळला.